हप्ता कितीचा आणि हप्ता कधीचा

'लाडकी बहीण' योजनेवर महाराष्ट्रात आजवर जेवढे बोलले आणि लिहिले गेले, ते जवळजवळ सगळे रकमेभोवती फिरत राहिले. दीड हजारात काय होते, असे एक बाजू विचारते. दीड हजारांनी तिजोरी खाली झाली, असे दुसरी सांगते. निवडणूक आली की दीड हजाराचे २१०० करण्याची बोली लागते. या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही: हा पैसा कोणत्या तारखेला येणार आणि पुढच्या वर्षीही येणार का, हे त्या घराला आधीपासून माहीत असते का? ग्रामीण गरीब कुटुंबाच्या हातात थेट पैसा गेल्याने काय बदलते, याचे जगभरचे पुरावे नीट वाचले तर मोठा बदल रकमेइतकाच, काही वेळा रकमेपेक्षाही, तिच्या खात्रीने घडतो. आणि आपल्या सरकारांना रक्कम वाढवायला जमते, खात्री द्यायला मात्र जमत नाही.

याचे कारण गरिबीच्या घडणीत आहे. कोरडवाहू शेती आणि मजुरी यांवर चालणाऱ्या घराचे उत्पन्न बारा महिने सारखे नसते. सोयाबीन, तूर विकली की चार पैसे दिसतात, खुरपणी-कापणीच्या दिवसांत मजुरी मिळते, मधले महिने कोरडे जातात. खर्च मात्र हंगाम पाहून येत नाही, आणि त्यातला बराचसा नेमका वाईट वेळी येतो. बियाणे आणि खत जूनमध्ये लागते, मुलांच्या वह्या-पुस्तकांची वेळही तीच, आणि साथीचे आजार पावसाळ्यातले. उत्पन्न आणि खर्च यांतली ही दरी जो भरून काढतो, त्याची त्या घरावर सत्ता चालते. कधी तो किराणा दुकानदार असतो, कधी अडत्या, कधी सावकार, कधी दर आठवड्याला वसुलीला येणारी मायक्रोफायनान्स कंपनी, तर ऊसतोड कामगारांच्या बाबतीत उचल देणारा मुकादम. या सत्तेची किंमत केवळ व्याजात मोजून भागत नाही. महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के हा हिशेब तर आहेच; पण उधारीवर माल नेणाऱ्याला दुकानात भाव करता येत नाही, अडत्याचे देणे असलेल्याला भाव चढेपर्यंत सोयाबीन घरात ठेवता येत नाही, आणि उचल घेतलेल्या जोडप्याने पुढचा हंगाम कुठल्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या दराने राबायचे हे मुकादम ठरवतो. गरीब माणूस वाईट सौदे करतो, कारण त्याला थांबता येत नाही. ठरलेल्या तारखेला येणारी छोटी रक्कमही त्याला थोडे थांबण्याची सवड देते. बाकीचे बदल या सवडीतून येतात.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात याची पाहणी झालेली आहे. 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या अर्थसाहाय्याने २०११ ते २०१२ या काळात इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत प्रत्येक प्रौढ व्यक्तीला महिना २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये दिले. वर्षभराने ही रक्कम ३०० आणि १५० केली. मुलांचे पैसे आईच्या हाती जात. अट एकही नव्हती. तुलनेसाठी पैसे न मिळालेली बारा गावे निवडली होती. एका भिल्ल वस्तीच्या गावातही असाच स्वतंत्र प्रयोग झाला. शरत दवाला, रेनाना झाबवाला, सौम्या कपूर मेहता आणि गाय स्टँडिंग यांनी त्यावर २०१५ साली पुस्तक लिहिले. रक्कम तेव्हाच्या मानानेही किरकोळ होती. तरी पैसे मिळालेल्या गावांत मुलांचे, त्यातही मुलींचे, वयाच्या मानाने वजन सुधारले, शाळेतली हजेरी वाढली, लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या आणि जुनी कर्जे फेडली. आदिवासी गावात दुसऱ्याच्या बांधावरची रोजंदारी कमी होऊन स्वतःच्या तुकड्यावर राबणे वाढले. हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. आदिवासी शेतकऱ्याकडे जमीन होती, कष्टाची तयारी होती, शेतीचे ज्ञानही होते. पेरणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतावर जाऊन संध्याकाळच्या पिठाची सोय करावी लागत होती, म्हणून स्वतःचे शेत मागे पडत होते. महिन्याला मिळालेल्या त्या किरकोळ रकमेने त्याला पेरणीचे चार दिवस मोकळे करून दिले.

खात्रीचे मोल वेगळे काढून मोजण्याचे काम मात्र केनियात झाले. तिथे 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था पंधरा वर्षांच्या आसपास मोबाइलवरून गरीब ग्रामीण कुटुंबांना विनाअट पैसे देत आली आहे, आणि अर्थतज्ज्ञांनी त्यावर एकापाठोपाठ एक अभ्यास केले आहेत. त्यातला एक २९५ गावांचा आहे. अभिजित बॅनर्जी त्याच्या संशोधकांपैकी एक. काही गावांतल्या प्रौढांना महिन्याला सुमारे साडेबावीस डॉलर बारा वर्षे मिळतील असे सांगितले. काही गावांना तेवढेच पैसे दोनच वर्षे मिळणार होते. तिसऱ्या गटाला दोन वर्षांच्या हप्त्यांइतकी रक्कम एकदम दिली, आणि शंभर गावांना काहीच दिले नाही. दोन वर्षांच्या सुमारास पाहणी केली तेव्हा पहिल्या दोन गटांच्या हाती पडलेला पैसा सारखाच होता. फरक एवढाच की एका गटाला पुढची दहा वर्षे दिसत होती आणि दुसऱ्याला दिसत नव्हती. तरीही बारा वर्षांची खात्री असलेल्या गावांत नवे छोटे धंदे आणि त्यांतली कमाई दोन वर्षांच्या गटापेक्षा ठळकपणे जास्त होती. एकदम रक्कम मिळालेल्यांचेही चांगले चालले होते. गंमत म्हणजे बारा वर्षांच्या गटाने आपली मोठी रक्कम स्वतःच उभी केली होती. त्यांनी आपल्याकडच्यासारख्या भिश्या सुरू केल्या आणि पाळीपाळीने एकरकमी पैसा उचलला. पुढच्या महिन्याचा हप्ता येणारच, हे सगळ्यांना पक्के ठाऊक असेल तरच भिशी चालते. एकाचा हप्ता चुकला की साखळी तुटते. आपल्याकडे बचत गट चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे अर्थतज्ज्ञाने सांगायची गरज नाही.

याच केनियातल्या रारिएडा भागात त्याआधी झालेल्या हॉसहोफर आणि शपिरो यांच्या अभ्यासातही असेच दिसले होते. एकदम मोठी रक्कम मिळालेल्यांनी गवती छपराच्या जागी पत्रे घातले, भांडीकुंडी आणि जनावरे घेतली. महिन्याला थोडे थोडे मिळालेल्यांच्या घरी जेवणाची चणचण अधिक कमी झाली. म्हणजे दोन्ही पद्धतींचे काम वेगळे आहे. एक घडी बसवते, दुसरी मोडू देत नाही. पण दोन्हीकडे माणसाला आधी कळवलेले असते की काय मिळणार आणि केव्हा मिळणार. पैसा आला तर आला, नाही तर नाही, अशा अवस्थेत वाटलेली रक्कम या दोन्हींपैकी काहीच करत नाही. ती आल्या दिवशी उधारी चुकती करते आणि दुसऱ्या दिवशी नवी उधारी सुरू होते.

आता आक्षेप. पहिला नेहमीचाच: गरिबाच्या हातात रोख दिली की ती दारूत जाते. जागतिक बँकेसाठी इव्हान्स आणि पोपोव्हा यांनी २०१४ साली या विषयावरचे १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना दिसले नाही, काही ठिकाणी तो कमीच झाला होता. मध्य प्रदेशातही वेगळे चित्र नव्हते. दुसरा आक्षेप, फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो आणि शेताला मजूर मिळत नाही. बॅनर्जी, हॅना, क्राइंडलर आणि ओल्केन यांनी सहा देशांतल्या सात प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली, तिथे कामाचे तास घटल्याचा पुरावा सापडला नाही. मजूर मिळत नाही ही तक्रार मात्र पूर्ण खोटी म्हणता येणार नाही. बाई पडेल त्या दरात कामाला यायला कचरू लागली असेल, तर दर वाढवून द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्याला बोचतो. छोट्या शेतकऱ्याची त्यात खरी ओढाताण होते, हे मान्य करायला हवे. पण त्यावर तोडगा शेतमालाच्या भावात शोधायचा, की मजूर बाईला पुन्हा लाचार करण्यात, याचे उत्तर अवघड नसावे.

महागाईचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. केनियातल्या सिआया परगण्यात ६५३ गावांच्या प्रयोगात दहा हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले गेले, म्हणजे त्या भागाच्या अर्थव्यवस्थेच्या मानाने प्रचंड पैसा ओतला गेला. तरी भाव नगण्य, अर्ध्या टक्क्याच्याही खूप खाली वाढले, आणि प्रत्येक डॉलरमागे स्थानिक उलाढालीत सुमारे अडीच डॉलरची भर पडली. ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली. पण फिलिपिन्समधल्या एका अभ्यासाने याच्या उलट बाजूही दाखवली आहे. तिथल्या दुर्गम गावांत, जिथे बहुतेक घरांना अनुदान मिळत होते, तिथे अंड्यांसारख्या नाशवंत पौष्टिक पदार्थांचे भाव चढले आणि अनुदान न मिळालेल्या घरांतल्या मुलांची वाढ खुंटली. बाजाराशी नीट जोडलेल्या गावात माल येतो, भाव स्थिर राहतो. रस्ता नसलेल्या पाड्यावर येत नाही. तेव्हा मेळघाट किंवा अक्कलकुवा-धडगावसारख्या भागांत थेट पैसा देताना तिथला रस्ता आणि अंगणवाडीतला आहार यांचा विचार वेगळा करता येत नाही.

इथून सर्वांत जड आक्षेपाकडे येतो. पैसा वाटला की शाळा, दवाखाने आणि रेशन यांतून सरकार अंग काढून घेते, ही भीती निराधार नाही. झारखंडात रांची जिल्ह्यातल्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वस्त धान्याऐवजी खात्यात पैसे टाकण्याचा प्रयोग केला गेला. लोकांना आधी पैसे जमा झाले का हे पाहायला बँकेत जावे लागे, तिथून काढायला ग्राहक सेवा केंद्रावर, आणि मग त्याच पैशातून धान्य घ्यायला रेशन दुकानात. हप्ता कधी पडेल ते कुणाला सांगता येत नसे. लोकांनी मोर्चे काढले आणि २०१८ मध्ये सरकारने हा प्रयोग गुंडाळला. रोख पैशाच्या विरोधकांचा हा आवडता दाखला, आणि तो द्यायलाच हवा. पण त्यातून सिद्ध काय होते? दर महिन्याला हमखास मिळणारे धान्य काढून घेऊन त्या जागी बेभरवशाची रक्कम ठेवली. घराच्या हातून खात्री गेली आणि बदल्यात चकरा आल्या. पैसा हा सेवेचा पर्याय झाला की तो फसतो. सेवेच्या जोडीला आला की दोघांचेही मोल वाढते. सिआयातल्याच कुटुंबांवरच्या २०२५ सालच्या अभ्यासात पैसे मिळालेल्या घरांत अर्भकमृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. दिवस भरत आलेल्या बायकांनी अंगमेहनतीची कामे कमी केली आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्या वाढल्या, ही त्यामागची मुख्य कारणे. आणि जिथे डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे हा फायदा जास्त दिसला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दाराला कुलूप असेल, तर दीड हजार रुपये घेऊन बाई फार तर गाडीभाडे देऊ शकेल.

मग पैशाला अटी घाला, म्हणजे तो योग्य कामाला लागेल, असे सुचवले जाते. मेक्सिकोने १९९७ पासून तसे केले: मुलांची हजेरी आणि तपासण्या असतील तर आईला पैसे. त्याचे चांगले परिणाम दिसले, त्याचे अनुकरण डझनावारी देशांनी केले. मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात मात्र अटीसह आणि अटीविना असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी तपासले गेले, तेव्हा शाळेत मुली टिकवायला अट उपयोगी पडली. पण विनाअट पैसे मिळालेल्या गटात लहान वयातली लग्ने आणि गरोदरपणे कमी झाली, कारण शाळा सुटलेल्या मुलीच्या घरचा पैसा तिथे थांबला नाही. अट मोडते ती घर अडचणीत असते तेव्हाच. नेमक्या त्या वेळी हप्ता बंद करणारी योजना शिस्त लावते की संकट वाढवते, हे ठरवताना झोम्बाचा अनुभव विसरू नये.

या कसोटीवर आपली योजना कुठे उभी आहे? जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'लाडक्या बहिणी'चे पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर एकत्र पडले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे आचारसंहितेआधी एकत्र आले. त्यानंतर मात्र हप्ता कधी येणार ही दर महिन्याची बातमी झाली. सणवार आणि मतदान यांच्या वेळापत्रकावर तो हलत राहिला. सुरुवातीला अर्ज धडाधड मंजूर झाले. सुमारे अडीच कोटी बायका पात्र ठरल्या, आणि निवडणूक झाल्यावर छाननी निघाली. त्यात १४ हजारांहून अधिक पुरुष लाभ घेत असल्याचे उघड झाले. अशा नावांवर काट मारायलाच हवी. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आधीच्या ४६ हजार कोटींच्या अंदाजाऐवजी ३६ हजार कोटींची तरतूद झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वांनाच ई-केवायसी सक्तीची केली आणि बाईच्या जोडीला नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागितले, तेव्हा प्रामाणिक लाभार्थी बाईलाही पुढचा महिना दिसेनासा झाला. नवऱ्याने टाकलेली, आधारवर नावात एक अक्षर चुकलेली, अंगठ्याच्या रेषा कामाने झिजलेली बाई सेवा केंद्राच्या रांगेत एका दिवसाची मजुरी बुडवून उभी राहते. तिने या पैशाच्या भरवशावर शेळी घ्यावी की न घ्यावी? शहाणी असेल तर घेणार नाही. मग आपणच म्हणणार की बघा, पैसे खर्चून टाकले, काही उभे केले नाही.

बाईच्या खात्यात पैसा जातो ही या योजनेची खरी जमेची बाजू. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे सहा हजार सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात; म्हणजे भूमिहीन मजूर घर त्यात नाही आणि जमीन नवऱ्याच्या नावावर असलेली बहुसंख्य शेतकरी बाईही नाही. 'लाडकी बहीण'ने ही दोन्ही दारे उघडली. नवरा पैसे काढून घेत असेल, अशी शंका घेणारे चुकीचे बोलत नाहीत. काही घरांत तसे घडतही असेल. पण खाते बाईचे, रक्कम ठरलेली आणि तारीख गावाला माहीत, असे असले की तिला तो पैसा मागण्याचा आधार तरी राहतो. कधी आला आणि किती आला हे तिलाच कळत नसेल, तर घरात त्याचा हिशेब ती कुणाला विचारणार?

राज्याला हे परवडत नाही, या युक्तिवादात तथ्य आहे, म्हणूनच रक्कम वाढवण्याच्या बोलीत मला रस नाही. २१०० चे आश्वासन देऊन हप्ता लांबवण्यापेक्षा दीड हजारच, पण महिन्याच्या पाच तारखेला, हे गरीब घराला अधिक उपयोगाचे आहे. पण परवडण्याचा प्रश्नही महाराष्ट्राने एकदा सोडवला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून वाढलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ साली शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, आणि १९७७ साली कायदा झाला. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता, ही हमी त्यात होती. तेव्हाही हे पैसे पाण्यात जातील, मजूर माजतील, असे म्हटले गेलेच. योजनेत भ्रष्टाचारही झाला. तरी ती निवडणुकीनंतर गुंडाळता आली नाही, कारण ती कायद्यात होती आणि तिच्यामागे स्वतःचा पैसा होता. केंद्राचे उदाहरण उलट आहे: ६० ते ७९ वयाच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा गेली अनेक वर्षे महिना २०० रुपयेच आहे. तो वाढवण्याची हमी कुठल्या कायद्यात नाही, म्हणून कुणी वाढवला नाही.

म्हणून 'लाडकी बहीण' असो, संजय गांधी निराधारचे अनुदान असो की शेतकऱ्यांचे हप्ते, या सगळ्यांना एकाच कायद्याखाली आणण्याचा विचार व्हायला हवा. हप्त्याची तारीख कायद्यात असावी. उशीर झाला तर भरपाई द्यावी. मनरेगात मजुरीला उशीर झाल्यास दिवसाला ०.०५ टक्के भरपाईची तरतूद आणली गेली होती, ती फारशी कुणाच्या हाती पडली नाही, कारण उशीर किती झाला हे यंत्रणाच स्वतः ठरवत होती. त्यामुळे इथे ती आपोआप खात्यात जमा व्हायला हवी. नाव वगळायचे तर आधी लेखी नोटीस, ग्रामसभेत यादीचे वाचन आणि तक्रारीसाठी तीन महिने, आणि तोवर हप्ता चालू. चुकून आणखी काही हजार अपात्र लोकांना तीन महिने पैसे जातील, हा त्याचा खर्च आहे. पात्र बाईचे नाव चुकून कटले तर जून महिन्यात ती पुन्हा सावकाराकडे जाते, हा न करण्याचा खर्च आहे, आणि तो कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.